हुलगा तोच, पळी कुणाच्या हातात?

२०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात लोकांना आधी थेट विचारलं होतं, तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? 'नाही' म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता: अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी त्यानं वापरली, तर चालेल का? दोन्ही उत्तरं एकत्र धरल्यावर देशातली साधारण २७ टक्के घरं अस्पृश्यता पाळणारी निघाली. त्याच सर्वेक्षणात जातीबाहेर लग्न झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ५ टक्के. प्रश्न विचारणाऱ्यांनी स्वयंपाकघराचा दरवाजा बरोबर ओळखला होता. आंतरजातीय लग्न रजिस्ट्रारच्या टेबलावर एका सहीत होतं. चुलीपाशी ते व्हायला किती वर्षं लागतात, याचा हिशेब ज्याचा त्यानं ठेवायचा.

माझा हिशेब नऊ वर्षांचा आहे. मी अंबाजोगाईकडचा, बौद्ध. बायको पौडी गढवालच्या ब्राह्मण घरातली. आम्ही गाझियाबादला वसुंधरात राहतो. तिचं ऑफिस गुरुग्रामला, घरी यायला नऊ वाजतात, म्हणून रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. (यात कौतुक काही नाही. जात मोडली म्हणून मिरवणाऱ्या आपल्या कितीतरी पुरुषांच्या घरात बाई मात्र ओट्यापुढून हललेली नसते.)

महिन्यातून दोन-तीनदा मी हुलग्याचं माडगं करतो. ज्यांच्या घरातून ते गेलंय त्यांच्यासाठी सांगतो: हुलगे खमंग भाजायचे, भरडून साल पाखडायची, बारीक दळायचं. लसूण, जिरं, मिरची वाटून थेंबभर तेलावर परतायची, पाणी ओतायचं, पीठ गार पाण्यात कालवून सोडायचं आणि गुठळी न होऊ देता ढवळत राहायचं. वरून मीठ. माझी आई वाटीभर पिठात सहा माणसं भागवायची. घट्ट करायची ऐपत नव्हती म्हणून ते पातळ. पाणी तरी फुकट होतं म्हणावं, तर तेही वस्तीच्या वेगळ्या आडावरून आणावं लागायचं.

पहिल्यांदा केलं तेव्हा बायको म्हणाली, "अरे, यह तो गहत है!" गढवाल-कुमाऊंत हुलग्याला गहत म्हणतात. रात्री भिजवून, वाटून, पातळ शिजवला की त्याचा फाणू होतो. तो भाताबरोबर खातात. दिल्लीत पहाडी माणसं भरपूर, त्यामुळे पहाडी मालाच्या दुकानात गहत सहज मिळतो. मी तिथूनच आणतो. तिच्या माहेरी गहत म्हणजे थंडीतलं औषध, मुतखड्यावर उतारा, पाहुण्याला अभिमानानं वाढायची गोष्ट. आमच्याकडे हुलगे म्हणजे जनावराचं खाद्य आणि आमचं. कॉलेजच्या होस्टेलवर मी घरी काय खातो ते सांगायचं टाळायचो, त्यात माडगं पहिलं होतं. दाणा एकच. एका घरात त्याला मान, दुसऱ्या घरात त्याची लाज.

सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा मी मुद्दाम माडगं केलं. त्यांनी वेगळ्या पातेल्यात आपला फाणू केला. पुढच्या खेपेला लसूण जास्त होता. त्याच्या पुढच्या खेपेला गॅस होत होता. मग, "हमारे यहाँ गाढ़ा बनता है." एकेक कारण वेगळं घेतलं तर खरंच वाटतं. त्यांच्या घरी बकरा चालतो, म्हणजे शाकाहाराची ढालही नव्हती. चवीचं कारण फार सोयीचं असतं. त्यावर वाद घालता येत नाही.

हे मी एका म्हातारीवर संशय घ्यायला लिहीत नाही. त्या पहाडात भात कुणी शिजवायचा हे ठरलेलं होतं. गढवालमध्ये सरोला ब्राह्मण पंगतीचा स्वयंपाक करत, कारण त्यांच्या हातचं सगळ्यांना चाले. डिसेंबर २०२१ मध्ये चंपावत जिल्ह्यातल्या सूखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेनं शिजवलेलं जेवण सवर्ण मुलांनी नाकारलं. डाळ-भात शाळेचा, शिधा सरकारचा. अडलं ते पळी धरणाऱ्या हातावर. तिला काढून टाकलं, तेव्हा दलित मुलांनी सवर्ण बाईच्या हातचं जेवण नाकारलं. गवगवा झाल्यावर तिला परत घेतलं.

पदार्थाचा वास हे आणखी एक कारण. १९९१ मध्ये जाक शिराक पॅरिसचे महापौर होते. स्थलांतरितांच्या घरातला गोंगाट आणि वास शेजारच्या फ्रेंच कामगाराला वेड लावतो, असं त्यांनी ऑर्लियाँच्या भाषणात सांगितलं. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या त्या घरांत रमजानमध्ये हरीरा शिजतो: हरभरे, मसूर, टोमॅटो. म्हणजे आपल्यासारखंच, डाळीचं पाणी. दिल्लीत घर शोधताना 'खाते क्या हो' या प्रश्नाचा रोख जातीकडे असतो, हे आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे.

पण सगळं बाहेरच्यांवर ढकलूनही चालणार नाही. ऑफिसात 'आपापल्या राज्याचा पदार्थ आणा' म्हटलं की आपण पुरणपोळी नेतो. शाहू पाटोळेंनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुली मराठीत आणल्या, त्यालाही आता दहा वर्षं होऊन गेली. आपल्या लग्नांत अजून पनीरच असतं. जोडीदार सवर्ण असला की ही घसरण आणखी सोपी होते. भांडण नको म्हणून आपणच आधी येसर, वजडी, माडगं आवरून ठेवतो आणि त्याला 'अ‍ॅडजस्टमेंट' म्हणतो. समोरच्याला नाकारायची पाळीच येत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहिलं की सहभोजनानं जात मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. त्यांनी स्वतः १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीतच डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. माझा अनुभव एवढाच जोडतो की लग्नानंतर सहभोजन पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, रोज, आणि त्यात दोन्हीकडच्या आया येतात.

बायकोनं मात्र एक काम केलं, जे मला करता आलं नसतं. तिनं घरातलं ते वेगळं पातेलं देऊन टाकलं आणि आईला फोनवर तसं सांगितलं. दोन महिने माय-लेकी बोलत नव्हत्या.

आता सासूबाई माझ्या हातचं माडगं अर्धी वाटी घेतात. माझ्या आईच्या हातचं अजून घेतलेलं नाही. आई जानेवारीत येतेय. हुलग्याचं पीठ गावाकडूनच दळून आणते म्हणाली. सासूबाईंचंही तिकीट जानेवारीचंच आहे.