तंजावरच्या राजाची टिपणे आणि आपला केस पेपर

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला आलेल्या आजोबांना जुना केस पेपर मागितला, तर बहुधा एकच उत्तर मिळते, ‘घरी राहिला.’ केस पेपर म्हणजे डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची पावती, असा आपला समज झाला आहे.

दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाला नोंदीचे मोल कळले होते. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले (१७७७-१८३२) हे शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या गादीवर १७९८ मध्ये बसले. पुढच्याच वर्षी तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि तनखा उरला. पण ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी छापखाना काढला, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची हुबेहूब चित्रे काढून घेतली. धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र आणले. गुण आलेल्या औषधांचे पाठ तमिळ पद्यात बांधून घेतले.

नेत्ररुग्णांच्या बाबतीतही हीच शिस्त होती. रुग्णाची तक्रार, उपचार आणि परिणाम यांची टिपणे ठेवली जात. सोबत आजारी डोळ्याचे रंगीत चित्र असे. पक्षी जसा दिसला तसा रंगवायचा, डोळाही जसा दिसला तसाच. ती टिपणे तंजावरला आजही जपलेली आहेत.

या शिस्तीची गरज आज कमी झालेली नाही. काचबिंदूचेच पाहा. बहुतेकदा तो दुखत नाही, नजर कडेने हळूहळू खात जातो आणि गेलेली नजर परत येत नाही. आजार वाढतो आहे की थांबला, हे डोळ्याचा दाब, मागची नस आणि नजरेचा घेर यांच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्यावरच नीट कळते. जुना कागद हरवला, की ही तुलना हुकते.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. घाईत खरडलेला, दुसऱ्या डॉक्टरलाही न लागणारा केस पेपर कोण जपून ठेवील? डॉक्टरांनी वाचता येईल असे लिहावे. रुग्णांनी तो कागद सातबाऱ्यासारखा जपावा. मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा आणि दवाखान्यात येताना सोबत आणावा. राज्य गेलेल्या राजाने परक्यांच्या डोळ्यांची नोंद जपली. आपल्याला निदान आपल्या डोळ्यांची तरी जपता यावी.