‘तुमचा आवाज तुटतोय’

गेल्या वर्षी एका फेलोशिपची मुलाखत मी गावाकडच्या घरातून दिली. हिंगोली जिल्ह्यातलं आमचं घर. वर पत्रा, मागची भिंतही पत्र्याचीच. समितीतले चौघे मला स्वच्छ दिसत होते, त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. माझं बोलणं मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. वीस मिनिटांत सात-आठ वेळा ऐकलं, ‘तुमचा आवाज तुटतोय.’ मग मी गडबडले, वाक्यं तोडून बोलू लागले, शेवटी नुसती हो-नाही वर आले. पंधरा दिवसांनी मेल आला: विषय चांगला आहे, मांडणीत आत्मविश्वास कमी वाटला.

आईनं विचारलं, “नेट तर चालू होतं ना? माणसं दिसत होती की.”

माणसं दिसत होती ती डाउनलोडमुळे. माझा आवाज जायला हवा होता तो अपलोडवरून, आणि तिथेच वाट अरुंद होती. टॉवर ताकदीनं ओरडतो. आपला फोन फार तर ०.२ वॅटवर कुजबुजतो. त्यात पत्रा लहरी अडवतो. टॉवरचं ऐकू येतं, आपलं टॉवरला ऐकू जात नाही. शिवाय बऱ्याच फोर-जी आणि फाइव्ह-जी पट्ट्यांत एकच वाट वेळ वाटून वापरली जाते, आणि त्यातला मोठा वाटा खाली येणाऱ्या माहितीला दिलेला असतो. जुन्या टेलिफोनच्या तारेवरच्या एडीएसएलमधला पहिला ‘ए’ हाच होता: असमान. खाली २४ एमबीपीएसपर्यंत, वर जेमतेम एक. यामागचं गृहीतक असं की घरातला माणूस बघेल, ऐकेल, विकत घेईल. त्याला पाठवण्यासारखं फारसं काही नसेल.

सरकारी व्याख्याही तशीच. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान गती ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाली, पण ती डाउनलोडची. अपलोडसाठी व्याख्येत आकडाच नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मार्च २०२४ मध्ये दोन्ही आकडे लिहिले: खाली १००, वर २०. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला तेव्हा अडचण बोलायला जागा नसल्याची होती. शंभर वर्षांनी आपल्या हातात जे इंटरनेट आलं, तेही ऐकण्यासाठीच मोजलेलं.

आणि आपण तर पाठवणारी माणसं. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, नेटचा फॉर्म, प्रबंधाचं प्रकरण. घरात आधी कुणी शिकलेलं नसलं की प्रत्येक पायरीवर आपण कोण आहोत हे कागद चढवून सिद्ध करावं लागतं. ४० एमबीची फाइल १ एमबीपीएसने चढायला सगळं सुरळीत असेल तर साडेपाच मिनिटं लागतात. निम्म्या गतीने अकरा. तोवर पोर्टल आपल्याला बाहेर काढतं. मग सेवा केंद्राची रांग. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्क्यांकडेच संगणक होता, म्हणजे यातलं बरंचसं फोनवरूनच चालणार हे उघड आहे.

त्या मेलनंतर रागाच्या भरात मी हा विषय शिकले. पहिली गोष्ट, स्पीड टेस्टमध्ये आकडे दोन असतात आणि आपण पहिलाच वाचतो. दुसरा वाचा. सकाळी, रात्री नऊला आणि मध्यरात्री, तीनदा मोजून वहीत लिहा. घरात राउटर असेल तर लॅपटॉप तारेनं जोडून मोजा. तारेवर आकडा चांगला आला तर दोष वाय-फायचा: राउटर कपाटामागून काढा, जवळ बसा, ५ गिगाहर्ट्झवर जा. तारेवरही वाईट आला तर दोष लाइनीत किंवा प्लॅनमध्ये.

हैदराबादच्या माझ्या भाड्याच्या खोलीत तो लाइनीत निघाला. डाउनलोड ३५, अपलोड ०.८. केबलवाला पोरगा म्हणाला, “मॅडम, पीछे से फुल स्पीड आ रहा.” मी दुसरा आकडा दाखवला तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि स्वतःच गच्चीवर चढला. दोन तारा पिळून टेप गुंडाळलेला जोड, त्यात पावसाचं पाणी. नवी तार टाकली, अपलोड २८ वर गेलं. आठ महिने मी त्या लाइनीचे पैसे भरत होते आणि वर्गात मागे पडतेय असं समजत होते.

दुसरा चोर घरातच असतो. फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सअॅपचा बॅकअप, भावाच्या फोनवरून चढणारा लग्नाचा व्हिडिओ. वरची वाट भरली की खालचीही अडते, कारण आलेल्या माहितीची पोच परत पाठवावी लागते. महत्त्वाच्या वेळी हे सगळं बंद ठेवा. स्कॅन रंगीत न ठेवता करड्या रंगात, कमी डीपीआयवर करा. फाइल बरीच उतरते.

पत्र्याच्या घरात असाल तर फोन बाहेर, ओट्यावर किंवा उघड्या खिडकीत ठेवा आणि लांब यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा. आमच्याकडे एवढ्यानंच ०.३ चे ४ झाले. तरीही भागलं नाही तर व्हिडिओ बंद करा. नुसत्या आवाजाला १०० केबीपीएसही लागत नाहीत. फक्त सुरुवातीलाच सांगा, ‘लाइन कमी आहे, मी आवाजावरच बोलते.’ (आपल्यातले कित्येक जण कॅमेरा मागच्या भिंतीमुळे बंद ठेवतात. त्यावर वेगळं लिहायला हवं.) नवी जोडणी घेताना ‘अपलोड किती?’ एवढं विचाराच. फायबरवर बऱ्याचदा दोन्ही गती सारख्या मिळतात. टॉवरवरून चालणाऱ्या घरगुती डब्यावर वरची गती बरीच कमी असते.

पण सगळं घरात सुटत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. आज ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. आमच्या पंचायतीत फायबर पोचलंय. डबा कार्यालयात, कार्यालयाला कुलूप, आणि वस्ती तिथून अर्धा किलोमीटर लांब, गावाच्या ज्या दिशेला ती नेहमीच असते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फहीमा शिरीन खटल्यात इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. त्या हक्कात बोलणं, कागद पाठवणं, परीक्षा देणं आलंच.

मुलाखत घेणाऱ्या संस्थांकडे माझी मागणी साधी आहे. जाहिरातीतच लिहा की लाइन तुटली तर उरलेली मुलाखत साध्या फोनवर होईल आणि व्हिडिओ नसल्याचे गुण कापले जाणार नाहीत. ‘आत्मविश्वास’ लिहिण्याआधी समोरच्याचा आवाज आपल्याला नीट ऐकू आला होता का, याचा रकाना भरा.

आणि आपल्याकडून एक. बहुतेक वस्त्यांत विहार आहे, समाजमंदिर आहे, कुठे अभ्यासिका आहे. तिथे दोन्ही गती सारख्या असलेली एक जोडणी, तारेवरचा एक लॅपटॉप आणि दार लागेल अशी एक खोली. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे काही तास कमी केले तरी होईल. आमच्याकडे हे बोलल्यावर पोरांनी आधी तोंडं वाकडी केली, मग त्यांनीच शेजारच्या गावातून फायबरवाला शोधून आणला.

या जूनमध्ये माझ्या चुलत बहिणीने विहारातूनच पीएचडी प्रवेशाची मुलाखत दिली. ती आत बोलत होती, मी बाहेर पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाय-फाय बंद करायला लावत होते. पंचवीस मिनिटांत ‘आवाज तुटतोय’ असं कुणी म्हटलं नाही. एका प्रश्नावर ती समितीशी वाद घालताना बाहेर ऐकू आली. निकाल अजून लागायचा आहे.