पंधरा दिवस देतो, जिन्याखालची पेटी दुरुस्त करा

धायरीतल्या आमच्या सोसायटीला इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि तिची स्थानिक एजन्सी, दोघांनाही हा जाहीर इशारा आहे. चार महिन्यांत अकरा तक्रारी नोंदवल्या. अकराही वेळा उत्तर एकच: ‘राउटर बंद करून चालू करा.’ केला. आता आमचं ऐका.

‘स्पीड तर शंभरचा येतोय,’ हे तुमचं दुसरं ठरलेलं उत्तर. येतोय, मान्य आहे. पण मुलांचा खेळ स्पीडवर नाही, पिंगवर चालतो, म्हणजे सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांवर. ते खेळतात त्या व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. पुण्याहून दीडशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदही नकोत. वाटेतली उपकरणं धरून दुपारी आम्हाला पंधराचा पिंग मिळतो. रात्री नऊला तोच 240 वर जातो आणि पॅकेट गळायला लागतात. सिनेमा बघताना गळलेलं पॅकेट पुन्हा मागवता येतं. खेळात हुकलेला क्षण परत मिळत नाही. माझ्या मुलाचा कॉलेजच्या स्पर्धेतला सामना 11-11 वर होता, तेव्हा त्याचा पडदा गोठला. तो परत जोडला गेला तोवर संघ हरला होता. त्या रात्री तो जेवला नाही. ‘खेळच तर आहे’ असं तुमचा माणूस फोनवर म्हणाला. 2023 च्या हांगचौ आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती, हे त्याला सांगा.

दोष आमच्या घरात नाही, हे आम्ही आधी तपासलं. टीव्हीच्या कपाटात सेट-टॉप बॉक्समागे कोंबलेला राउटर बाहेर काढून उंचावर ठेवला. 2.4 गिगाहर्ट्झवर शेजारपाजारची वाय-फाय एकमेकांच्या अंगावर आली होती, त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला की आणखी भर. म्हणून 1, 6 आणि 11 यांतला मोकळा चॅनेल धरला, फोन 5 गिगाहर्ट्झवर नेले, पीसीला थेट लॅन केबल लावली. शेजाऱ्यांनाही सांगतो: आधी एवढं करा, मगच कंपनीविरुद्धच्या निवेदनावर सही करा. घरातला दोष कंपनीच्या माथी मारणाऱ्याची सही मी घेणार नाही.

मग रात्री नऊला पीसीवर दोन खिडक्या उघडल्या. एकीत घरच्या राउटरला पिंग. तो एका मिलिसेकंदावरून हलला नाही. दुसरीत तुमच्या पहिल्या गेटवेला. तिथे 180, 240, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. सात रात्रींचे स्क्रीनशॉट तारीखवार ठेवले आहेत. बिघाड आमच्या भिंतीच्या पलीकडे सुरू होतो.

पलीकडे काय आहे, तेही पाहिलं. जिन्याखालच्या तुमच्या पेटीला झाकण नाही. स्प्लिटर सेलोटेपनं चिकटवलाय. पिवळी पॅच कॉर्ड खिळ्याभोवती करंगळीएवढ्या वेढ्यानं वळवलीय आणि तिच्यावर पारव्यांची घाण साचलीय. आमच्या विंगच्या जोडावर हिरवा कनेक्टर निळ्यात रेटलाय. हिरव्याचं टोक आठ अंश तिरपं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही नीट टेकत नाहीत आणि प्रकाश तिथंच वाया जातो. तुमच्याच माणसानं आमच्यासमोर मीटर लावला, उणे 29 डीबीएम आलं. उणे 27 च्या खाली मोडेमला सिग्नल धड वाचता येत नाही. ‘पॉवर कमीय,’ एवढं म्हणून तो स्कूटरवर बसून गेला. याला आम्ही कामचुकारपणा म्हणतो.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. पेटी बदला, जोड नव्यानं करा आणि प्रत्येक घरातल्या मोडेमवर मीटरचा आकडा आमच्यासमोर लिहून द्या. रात्री नऊ ते अकरा तुमच्या गेटवेवर कोंडी का होते, याचं लेखी उत्तर द्या आणि तिथली क्षमता वाढवा.

मुदत पंधरा दिवस. एक दिवसही वाढवून मिळणार नाही. मुदत संपली की तक्रारींच्या अकरा डॉकेट नंबरांसह तुमच्या अपील प्राधिकरणाकडे जाऊ. नियमानं त्याला 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. तिथेही टोलवाटोलवी झाली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलंय, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. आणि मुदत संपेल त्याच दिवशी सोसायटीतली अडतीस कुटुंबं तुमचं कनेक्शन सोडतील. त्यांच्या सह्या झालेल्या आहेत. पेटी ज्या भिंतीवर आहे, ती भिंत सोसायटीची आहे.

मीटर आणि स्प्लायसिंग मशीन घेऊन या. जिन्याखालच्या खोलीची किल्ली वॉचमनकडे ठेवलीय.