आमचा मृग दिवाळीत

गेल्या वर्षी या सदरात बाल्कनीतल्या पालेभाजीवर लिहिलं, तेव्हापासून शारजाहून, अबू धाबीहून, अगदी साताऱ्याहूनही एकच प्रश्न आला. सगळं छान आहे, पण परवडतं का? विचारणाऱ्यांना हौस नको होती, हिशेब हवा होता. यंदा तर तो जास्तच हवा आहे. घरभाडं वाढलं, शाळेची फी वाढली, आणि आपल्या ओळखीतल्या दोन घरांनी खर्च झेपेना म्हणून बायको-मुलांना गावी पाठवलं. मेथीच्या खोक्यानं असलं काही टळत नाही, हे आधीच सांगते. पण भाडं आणि फी दुसरे ठरवतात. भाजीचा खर्च तेवढा आपण ठरवतो.

गावाकडच्या वाचकांसाठी आधी जागेची कल्पना. आमच्या इंटरनॅशनल सिटीत वस्त्यांना देशांची नावं आहेत. आम्ही राहतो पर्शियात, वाणसामान आणतो इंग्लंडातून आणि मुलीची मैत्रीण राहते रशियात. इमारती बहुतेक तळमजला अधिक तीन मजल्यांच्या. एका खोलीचं किंवा दोन खोल्यांचं घर आणि चार पावलांची बाल्कनी. घराचा करार वर्षाचा, त्यामुळे पुढच्या दिवाळीला इथेच असू याची खात्री नाही. म्हणून माझ्या बागेचा पहिला नियम असा की प्रत्येक डबा मला एकटीला उचलता आला पाहिजे.

दुसरं, इथलं कॅलेंडर उलटं आहे. देशात मृग लागला की पेरणी. इथे जूनमध्ये पेरलेलं दाण्यातच शिजेल. इथले जुने लोक सुहैल ताऱ्यावर ऋतू मोजतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तो पहाटे दक्षिणेकडे दिसू लागला की उन्हाळ्याचा जोर ओसरायला लागला असं समजायचं. हा सुहैल म्हणजे आपला अगस्ती! वर्गात मी अगस्तीचा उदय शिकवला तो पावसाळा सरत आल्याची खूण म्हणून. तोच तारा अरबस्तानात उष्म्याच्या उतरणीची खूण आहे, हे इथे आल्यावर कळलं. तो दिसला म्हणून लगेच पेरायला मात्र धावू नका. मिरची-टोमॅटोची रोपं सप्टेंबरमध्ये घरात, खिडकीशी करायची आणि पालेभाजी ऑक्टोबरच्या शेवटी पेरायची. म्हणजे नेमकी दिवाळीत. टोमॅटोलाही थंड रात्री लागतात, रात्री उकाडा असला की फुलं गळतात. डिसेंबर ते मार्च हा त्याचा खरा काळ.

बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते आधी बघा. दुबई कर्कवृत्ताच्या थोडी वर, २५ अंशांवर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ४१ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर, म्हणून त्याच बाल्कनीत सावली. पेरणीच्या दिवसांत ऊन आणि भाजणाऱ्या दिवसांत सावली, यापेक्षा चांगली सोय पैसे मोजूनही मिळणार नाही. उत्तरेची बाल्कनी असेल तर फळभाजीचा नाद सोडा. तिथे पुदिना आणि अळू.

कुंड्या विकत घेऊ नका. ड्रॅगन मार्ट शेजारी आहे आणि तिथल्या रंगीत कुंड्या खुणावतात, हे मला माहीत आहे. पण माझी सगळी पालेभाजी थर्माकोलच्या खोक्यांत होते. मासळीवाले आणि अवीरच्या बाजारातले भाजीवाले ती खोकी टाकून देतात, मागितली की मिळतात. फुकट असणं हा त्यांचा दुसरा गुण. पहिला गुण असा की थर्माकोल तापत नाही. काळी प्लास्टिकची कुंडी दुपारच्या उन्हात इतकी तापते की कडेची मुळं भाजून निघतात. खोक्याच्या तळाला पेन्सिलनं पाच-सहा भोकं पाडा आणि खाली ताट ठेवा. खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी गळलं की शेजारधर्म तिथेच संपतो. कठड्यावर तर काहीही ठेवायचं नाही. टोमॅटोला वीस किलोच्या तांदळाच्या गोण्या वापरते, कड दुमडून अर्ध्या उंचीवर आणते.

माती म्हणजे नारळाच्या भुशाची वीट, खत आणि थोडी वाळू. वीट भिजवून ते पाणी एकदा टाकून द्या, भुशात मीठ असू शकतं. विकत घ्यायची वस्तू बहुतेक एवढीच. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं उभी केली, तेव्हा आपल्या बादलीभर सालींचं खत का होऊ नये? झाकणाच्या बादलीला भोकं पाडा. साली, धुतलेला चहाचा चोथा आणि तेवढाच कोरडा माल टाका: फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, अंड्यांचे पुठ्ठे. कोरडं कमी पडलं की वास सुटतो, गुपित एवढंच. दोन-तीन महिने लागतात. शिजवलेलं आणि तेलकट काही नको.

बियांचं दुकान म्हणजे आपला मिसळणाचा डबा. मेथी रात्री भिजवून दाट फेकायची, वर बोटाच्या पेराएवढी माती. पंचवीस-तीस दिवसांत भाजी. धणे लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करा आणि मग पेरा, अख्खे धणे उगवायला फार रडवतात. तरीही आठ-दहा दिवस थांबावं लागतं. सुक्या लाल मिरचीतल्या बिया, मोड आलेल्या लसणाच्या पाकळ्या, बाजारच्या पुदिन्याच्या पाण्यात ठेवलेल्या काड्या, सगळं चालतं. गावाहून रोपं मात्र सामानात आणू नका, त्यांना आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. आणि खसखस इथे बंदीच आहे, पेरायलाही नाही आणि अनारशांनाही नाही. (आम्ही तीळ लावतो. सासूबाई त्यांना अनारसे म्हणत नाहीत.)

कबुतरं हा इथला खरा शत्रू. मेथीचे कोंब वर आले की सकाळी खोकं साफ. कांद्या-बटाट्याच्या जाळीच्या पिशव्या उसवून खोक्यावर ताणून बांधा, कोंब चार बोटं झाले की काढा.

पाण्याचं गणित थोडं विचित्र आहे. इथलं नळाचं पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं, त्यामुळे ते ओतताना हात आखडतो. एसीच्या नळीतून ऑगस्टात आमच्याकडे रोज बादलीभर पाणी निघतं, पण तेव्हा बागेत काही नसतं, आणि बाग भरते तेव्हा एसी बंद! यावर माझा उपाय अळू. सावलीच्या कोपऱ्यात एक मोठी बादली, त्यात अळूचा कांदा आणि एसीचं पाणी. देशात मोरीच्या पाण्यावर अळू वाढायचं, तसंच हे. त्या पाण्यात क्षार नसतात, म्हणून महिन्यातून दोनदा खत घालते. हिवाळ्यात डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं.

आता हिशेब. गेल्या मोसमात विटा, खताची एक पिशवी आणि पालकाचं बी मिळून ६० दिरहम गेले. चार खोकी आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेरली, त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत आठवड्याला चौघांची एक वेळची पालेभाजी घरची झाली. कोथिंबीर-पुदिना विकत आणला नाही. दुकानातल्या भावानं मोजलं तर साधारण १७० दिरहमचा माल. म्हणजे पाच महिन्यांत ११० वाचले. माती तीच वापरायची असल्यामुळे यंदा खर्च वीसच्या आत राहील.

११० दिरहम ऐकून आमच्या घरातही हसू आलं होतं. पण माझ्या वहीत आणखी एक रकाना आहे, तो टाकून दिलेल्या भाजीचा. कोथिंबिरीची जुडी आणली की अर्धी फ्रीजमध्ये काळी पडते. घरची चार काड्या खुडता येते. शिवाय कोथिंबिरीसाठी मॉलमध्ये गेलेला माणूस नुसती कोथिंबीर घेऊन परत येत नाही. त्या फेऱ्या कमी झाल्या, हे महिन्याच्या बिलात स्पष्ट दिसलं. याच कारणानं दुधी, कारली लावू नका. जागा फार घेतात, वरच्या मजल्यावर मधमाश्या फारशा येत नाहीत, फुलं हातानं जुळवत बसावं लागतं, आणि बाजारात ती स्वस्तच असतात. जे थोडं लागतं आणि लवकर सडतं, ते घरी पिकवा.

मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमाला पुदिन्याच्या मुळं फुटलेल्या काड्या आणि अळूचे सहा कांदे आणणार आहे. अळू पहिल्या सहा जणांना. डबे ज्याचे त्याने आणावेत, माझे दह्याचे डबे गेल्या वर्षीपासून अजून अजमानलाच आहेत.