खेटून उभ्या दुकानांचे अर्थशास्त्र
घाऊक माल घेऊन तो अंतिम ग्राहकाला नगानगाने विकणे म्हणजे किरकोळ व्यापार. त्यातील स्पर्धा केवळ भावाची नसते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या वसाहतीतील सिंधी व्यापाऱ्यांनी ‘कमी नफा, जास्त खप’ हे सूत्र धरले, म्हणजे नगामागचा नफा लहान ठेवून तेच भांडवल वर्षात अनेकदा फिरवले. तिथल्या गजानन मार्केट या कापडबाजारात साडीचा पदर उलगडून दाखवणाऱ्या विक्रेत्याला गिऱ्हाईक दोन पावलांवर दुसरा भाव विचारणार हे ठाऊक असते, तरी दुकानांची ही दाटी त्याला लाभतेच, कारण अंबरनाथ-बदलापूरची कुटुंबे लग्नाच्या बस्त्यासाठी येतात ती या भरघोस निवडीपोटी. बदलापूरच्या वाण्याचे बळ मात्र उधारीच्या वहीत आणि घरपोच किराण्यात आहे. सुपरमार्केटशी भावात झुंजण्यापेक्षा त्याने तेच जपणे शहाणपणाचे.