ओळख यंत्रांची : वेशीवरचा राखणदार

जुन्या गावांना वेस असायची. गावात येणारा-जाणारा प्रत्येक जण वेशीवरच्या राखणदाराच्या नजरेखालून जायचा. आज तळेगाव दाभाड्यातल्या पुष्कळ घरांत अशीच एक छोटी वेस आहे. टीव्हीशेजारी दिवे लुकलुकवत बसलेला तो डबा, त्याचं नाव राउटर. त्याच्या कामाला इंग्रजीत ‘गेटवे’ म्हणतात. म्हणजे वेसच की!

बाबांचा मोबाइल, ताईचा लॅपटॉप, सगळ्यांची इंटरनेटवरची ये-जा याच्यामधूनच होते. बाहेरून घरापर्यंत येणारी तार पुष्कळदा काचेच्या बारीक धाग्याची असते. (काच आणि तळेगाव यांचं नातं जुनं, बरं का! लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या ‘पैसा फंडा’तून १९०८ साली इथे काच कारखाना निघाला.)

पण या राखणदाराला हुकूम कसा द्यायचा? त्याला ना पडदा, ना कळफलक. म्हणून त्याला संगणक जोडायचा. राउटरच्या पाठीमागे तीन-चार सारख्या खाचा दिसतात, त्यांवर ‘लॅन’ असं लिहिलेलं असतं. त्यांतल्या एकीत तारेचं एक टोक आणि संगणकात दुसरं टोक बसवायचं. ‘टक्’ असा आवाज आला की तार नीट बसली. वाय-फायवरूनही हे काम होतं, पण वाय-फायचा पासवर्ड बदलताक्षणी तुमचाच संगणक बाहेर फेकला जातो! तार असली की ती भीती नाही.

तार जोडली की राउटर संगणकाला आपण होऊन एक पत्ता देतो, समजा १९२.१६८.१.२. राउटरचा स्वतःचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि तो डब्याखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. ब्राउझरच्या पट्टीत तो इंग्रजी आकड्यांत टाइप केला की राउटरचं पान उघडतं.

गंमत म्हणजे तळेगावच्या तुमच्या घरात आणि चाकणच्या मावशीच्या घरात हा पत्ता एकच असू शकतो. तरी गोंधळ होत नाही. ४१०५०६ हा पिन कोड पत्राला तळेगावात आणतो, पण ‘मधली खोली’ हा पत्ता फक्त घरातल्यांनाच कळतो ना? तसंच हे. १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते घरगुती आणि कचेऱ्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत.

मोठ्या कारखान्यांतल्या राउटरांची तऱ्हा वेगळी. नव्या राउटरला पुष्कळदा पत्ताच नसतो. पत्ता नाही तर जाळ्यातून त्याच्याशी बोलायचं कसं? आणि बोललंच नाही तर पत्ता द्यायचा कसा? आधी कोंबडी की आधी अंडं! म्हणून त्याला ‘कन्सोल’ नावाची वेगळी खाच असते. तिथून पडद्यावर चित्रं येत नाहीत, नुसती अक्षरं येतात. वेग पुष्कळदा सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे साधारण ९६० अक्षरं. वेग बैलगाडीचा, पण जाळं बंद पडलं तरी ही वाट चालू राहते.

आता महत्त्वाची गोष्ट. घरच्या राउटरला दोन पासवर्ड असतात. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे पाहुण्याला आत घेण्याची परवानगी. दुसरा ‘ॲडमिन’चा, तो म्हणजे राखणदाराला हुकूम देण्याचा शिक्का! पुष्कळ जुन्या राउटरांत नावही ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’ असतो, म्हणजे शिक्का वेशीवरच टांगून ठेवल्यासारखा. तो चोराच्या हाती लागला, तर बँकेचं नाव टाइप केल्यावर तुम्हाला हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर नेऊन सोडायला तो राउटरला शिकवू शकतो.

हे नुसतं भय दाखवणं नाही हं. २०१६ साली ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्राम जगभर पसरला. इंटरनेटवर उघडे राहिलेले कॅमेरे आणि राउटर शोधायचा आणि कारखान्यात ठरलेली सुमारे ६० नावं-पासवर्डांची यादी लावून पाहायचा. जुळलं की ते यंत्र त्याचं गुलाम! २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा गुलाम यंत्रांनी एका कंपनीवर एकदम धाड घातली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळल्या. यंत्रांच्या मालकांना बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता! मिराई लिहिणाऱ्या तीन तरुणांनी २०१७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. हुशारी होती, पण ती वळली चुकीच्या वाटेला.

तेव्हा या रविवारी आई किंवा बाबांना शेजारी बसवून एवढं कराच. तार जोडा, राउटरचं पान उघडा आणि ‘ॲडमिन’चा पासवर्ड बदला. तो लांब ठेवा, वाढदिवस किंवा गाडीचा नंबर नको. घरच्या वहीत लिहून ठेवा, डब्यावर चिकटवू नका. विसरलात तर राउटरला टाचणीच्या टोकाएवढं ‘रीसेट’चं भोक असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की कारखान्यातला जुना पासवर्ड परत येतो. पण इंटरनेटच्या बाकीच्या नोंदीही पुसल्या जातात, म्हणून उगाच टाचणी खुपसू नका!

डोकं चालवा : शेजारच्या घरातल्या राउटरचा पत्ताही १९२.१६८.१.१ आहे. मग तुम्ही तो टाइप केल्यावर तुमचाच राउटर का उघडतो? उत्तर वरच्या मजकुरातच लपलंय. शोधा आणि घरातल्यांना समजावून सांगा!