सशांची जोडी नको, दोन पिंजरे हवेत

मुलांच्या हट्टापायी घरात सशांची जोडी येते. ‘एकट्याला करमत नाही, जोडीच न्या,’ हा विकणाऱ्याचा सल्ला सगळ्यांना पटतो. काही महिन्यांनी एका सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, मादीने स्वतःच्या अंगाचे केस उपटून केलेल्या गादीत, डोळे मिटलेली गुलाबी पिले दिसतात. पहिल्या वेताचे कौतुक होते. दुसरे वेत नातेवाईक आणि शेजाऱ्यांत वाटले जाते. तिसऱ्या वेतानंतर घ्यायला कोणी उरत नाही आणि ‘उसात सोडून देऊ, मोकळी होतील बिचारी’ हा विचार पुढे येतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत तरी हा विचार कोणी मनात आणू नये. ही वेळ टाळणे अवघड नाही. त्यासाठी नर आणि मादी पहिल्यापासून वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवावे लागतात.

सशाचे शरीर वेगाने वाढण्यासाठीच घडले आहे. गाई-म्हशींप्रमाणे ससीण ठरावीक दिवसांनी माजावर येत नाही. नराशी संबंध आल्यावर साधारण दहा-बारा तासांत तिचे बीज सुटते. त्यामुळे ‘पाच मिनिटेच एकत्र सोडले होते’ या म्हणण्याला अर्थ नाही. गर्भकाळ अवघा ३० ते ३२ दिवसांचा. व्यायल्यानंतर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणजे एक वेत दूध पीत असतानाच दुसरे पोटात वाढू लागते. एका वेतात सहा पिले धरली आणि वर्षाला पाचच वेते मोजली, तरी एका मादीची ३० पिले होतात. तिच्या मुली चार ते सहा महिन्यांत वयात येतात, त्यांची पिले वेगळीच. हा सगळा भार मादीच्या हाडांवर आणि दुधावर पडतो.

सोडून दिलेल्या सशाचे पुढे काय होते? घरचा पांढरा ससा आणि आपल्या माळावरचा रानससा या दोन वेगळ्या जाती आहेत. रानसशाचा रंग मातीत मिसळतो, त्याची पिले केसांसह आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात. घरच्या सशाला लपणे, पळणे, चारा शोधणे यातले काहीच शिकलेले नसते. कुत्री, मांजरे, मुंगसे त्याला फार काळ जगू देत नाहीत. शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. मोकळे करणे म्हणून जे केले जाते, ते प्रत्यक्षात मरायला सोडणेच असते.

त्यात हा बिबट्यांचा मुलूख. कुकडी आणि घोड खोऱ्यांतील धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसाच्या आडोशाने बिबट्या गावालगत राहू लागला. शेजारच्या अकोले तालुक्यातील अभ्यासात बिबट्याच्या आहारात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. म्हणजे घराजवळ सहज मिळणारे भक्ष्य त्याला गावाकडे ओढते. सशांमुळे बिबटे वाढले, असे कोणी म्हणणार नाही. पण वस्तीलगतच्या उसात सोडलेली पिले आणि रात्री ओट्यावर ठेवलेला भरगच्च पिंजरा, ही त्याला दिलेली आणखी दोन आमंत्रणे ठरतात.

मादी बिबट्या साधारण दोन वर्षांतून एकदा, दोन-तीन पिलांना जन्म देते. तरीही जुन्नर वनविभागात मादी बिबट्यांवर प्रायोगिक गर्भनियंत्रणाला २०२५ मध्ये केंद्राची परवानगी घ्यावी लागली. मोकळ्या बिबट्यावर असा उपाय करणे किती कठीण, हे सांगायला नको. पिंजऱ्यातल्या सशाबाबत ते काम एका जास्तीच्या पिंजऱ्याने होते. तेवढेही न करता वनखात्याने सगळे सांभाळावे, अशी अपेक्षा धरणे बरोबर नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. ससा कळपात राहणारा प्राणी आहे आणि एकटेपणाने तो खंगतो. त्यावर खरा उपाय नसबंदीचा. नसबंदी झालेली जोडी सुखाने एकत्र राहते, आणि वय झालेल्या माद्यांत वारंवार दिसणारा गर्भाशयाचा कर्करोगही टळतो. पण सशाला भूल देणे नाजूक काम आहे, त्याचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठावा लागतो. नराची नसबंदी झाल्यावरही चार ते सहा आठवडे त्याला मादीपासून दूरच ठेवावे, कारण तेवढा काळ त्याच्यामुळे गर्भ राहू शकतो.

ते जमेपर्यंत दोन पिंजरे शेजारी ठेवावेत. एकमेकांना दिसतील, वास येईल, पण मध्ये वीतभर अंतर असावे. एकत्र वाढलेल्या दोन बहिणी बहुधा नीट राहतात. वयात आलेले दोन नर मात्र एकमेकांना रक्तबंबाळ करतात, त्यांना वेगळेच ठेवावे. लहान पिलांत नर-मादी ओळखताना जाणकारही चुकतात. म्हणून तीन महिन्यांच्या आत पशुवैद्याकडून तपासून घ्यावे आणि लगेच विभागणी करावी. रात्री पिंजरे बंद खोलीत असावेत.

जोडी विकत घेताना दुसऱ्या पिंजऱ्याचे पैसे जड वाटत असतील, तर एकही ससा घरी आणू नये.